साचेखाता सोडून यंत्रशाळा: जुन्या गिरणीत स्क्वॉश आणण्याचं एक प्रकरण

बंद पडलेल्या गिरणीत खेळाची सोय करायची ठरली की पहिला नकाशा हमखास सगळ्यात मोठ्या खात्याचा निघतो. या प्रकरणातही तेच झालं. साचेखाता, म्हणजे साच्यांवर (मागांवर) कापड विणायचं खातं, भला मोठा, वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, उत्तरेचा शांत उजेड, साचे कधीच भंगारात गेलेले. स्क्वॉशची सहा कोर्टं इथे आरामात बसतील असं धरून कागदावर सहा चौकोन आखले गेले आणि ते बसलेही. कागदावर खांब ठिपक्याएवढा असतो आणि उंची तर दिसतच नाही.

आधी एक खुलासा. ही गिरणी उदाहरणासाठी रचलेली आहे, कुठल्याही एका गावातली नाही. तिची मांडणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या कापड गिरण्यांत वारंवार दिसते: बहुमजली सूतखाता, त्याला लागून एकमजली साचेखाता, इंजिनघर, बॉयलरघर, धुराडं आणि एका अंगाला गिरणीचीच यंत्रं दुरुस्त करणारी यंत्रशाळा. खेळाची मापं आणि बांधकामाचे प्रश्न खरे आहेत.

मालकी एका विश्वस्त संस्थेकडे. इमारत वारसा म्हणून नोंदलेली, त्यामुळे बदलाला परवानगी लागणार. भाड्याने घेऊ पाहणारा एक स्क्वॉश क्लब. क्लबला सहा कोर्टं हवीत, कारण तेवढ्यांवर स्पर्धा भरवता येतात आणि वर्गणीचं गणित जुळतं. संस्थेला छप्पर शाबूत हवं, कारण ते गळायला लागलं की पुढच्या दहा वर्षांत वाचवायला काही उरत नाही. दोघांच्याही मागण्या रास्त होत्या, म्हणूनच प्रकरण लांबलं.

खेळ तडजोड करत नाही

स्क्वॉशचं कोर्ट आतून ९.७५ मीटर लांब आणि ६.४० मीटर रुंद. समोरच्या भिंतीवरची आउटची रेघ ४.५७ मीटरवर, मागच्या भिंतीवरची २.१३ मीटरवर, आणि कोर्टावरची मोकळी उंची किमान ५.६४ मीटर. ही मापं गिलावा झाल्यानंतरची, पक्क्या पृष्ठभागापासूनची. इथे भिंत ही कड नसते, खेळाचाच भाग असते. टेनिसमध्ये कोर्टाच्या बाहेरची जागा थोडी आखडली तर खेळाडू कुरकुरतो, पण खेळ होतो. स्क्वॉशमध्ये भिंत वीस सेंटिमीटर आत आली तर तो खेळच स्क्वॉश राहत नाही.

गंमत म्हणजे या खेळाचं मूळच उसन्या भिंतींमध्ये आहे. त्याचा पूर्वज रॅकेट्स हा खेळ अठराव्या शतकात लंडनच्या फ्लीट आणि किंग्ज बेंच या कर्जबुडव्यांच्या तुरुंगांत, अंगणातल्या भिंतींवर खेळला जायचा. पुढे हॅरो शाळेतल्या मुलांनी एकोणिसाव्या शतकात मऊ चेंडू घेऊन त्याचा स्क्वॉश केला. तेव्हा कुठलीही भिंत चालायची. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच येतो आहे, आणि भिंतीने नियमाप्रमाणेच वागायचं असतं.

ही मापं हातात घेऊन साचेखात्यात गेलं की पाच मिनिटांत निकाल लागतो. बिडाचे खांब एका दिशेने ३.६ मीटरवर, दुसऱ्या दिशेने ६.१ मीटरवर. कोर्ट कसंही फिरवा, निदान एक खांब आत येतोच. करवतीच्या दोन दात्यांमधली पन्हळ ४.२ मीटरवर, म्हणजे समोरच्या भिंतीवरची आउटची रेघच पन्हळीच्या वर जाते. यावर क्लबच्या सल्लागाराने दोन उपाय सुचवले: मधले खांब काढून वर पोलादी तुळया टाकायच्या, नाहीतर जमीन दीड मीटर खोदायची.

खांब काढण्यातली अडचण फक्त भाराची नाही. अशा छपरांत बिडाचे खांब पुष्कळदा पोकळ असतात आणि पन्हळीतलं पावसाचं पाणी त्यांच्याच पोटातून खाली गटारात जातं. या साचेखात्यातही तसंच होतं. खांब कापला की छपराचा आधारही गेला आणि पाण्याची वाटही. शिवाय बीड दाबाला भक्कम, पण ताणाला ठिसूळ. त्याला भोक पाडून, वेल्डिंग करून नवं पोलाद जोडणं हे मऊ पोलादाइतकं सोपं नसतं. जमीन खोदायची म्हटलं तर त्याच खांबांचे उथळ पाये उघडे पडणार. दोन्ही उपायांत कोर्टं मिळाली असती. साचेखाता मात्र उरला नसता.

सूतखात्याचा विचार तासाभरात संपला: मजल्यांची उंची कमी, खांब आणखी दाट, तक्तपोशीत शंभर वर्षांचं तेल मुरलेलं. इंजिनघराचा मोह जास्त होता, कारण ते उंच होतं आणि आत एकही खांब नव्हता. पण आत जेमतेम एकच कोर्ट मावत होतं, तेही इंजिनाचा दगडी चौथरा आणि चाकाची खोल खाच बुजवून. संपूर्ण गिरणीत वाफेच्या इंजिनाची गोष्ट सांगणारी तेवढी एकच खोली. ती सोडून दिली हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं, आणि त्यावर फारसा वादही झाला नाही.

राहिली यंत्रशाळा. पहिल्या पाहणीत तिचा उल्लेख 'गोदाम' असा होता.

बिनखांबांची खोली

यंत्रशाळा आतून ४२ मीटर लांब, १४ मीटर रुंद. वर लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यांचा खालचा ताण-गज ७.१ मीटरवर. लांबीच्या दोन्ही भिंतींवर ६.३ मीटर उंचीवर हाताने ओढायच्या क्रेनचे रूळ. मध्ये एकही खांब नाही, कारण इथे अवजड यंत्रं उचलून इकडून तिकडे न्यावी लागत. यंत्रांना लागणारी मोकळी उंची तीच खेळालाही लागते, एवढा साधा हा मेळ.

इमारत आधी बघून मग खेळ निवडावा, याची ठळक उदाहरणं जगात आहेत. जर्मनीतल्या डुइसबुर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. तिथल्या जुन्या गॅसच्या टाकीत आज पाणी भरून डायव्हिंग शिकवतात आणि खनिजाच्या कोठारांच्या उंच काँक्रीट भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो. टाकी होती म्हणून डायव्हिंग, उंच भिंती होत्या म्हणून चढाई. स्क्वॉशपुरतं बोलायचं तर फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या शस्त्रागारात २०२१ मध्ये वीस कोर्टांचं राष्ट्रीय केंद्र उघडलं. तो कारखाना नव्हे, पण सैनिकांच्या कवायतीसाठी बांधलेलं बिनखांबांचं दालन तिथेही कामी आलं.

यंत्रशाळेत हिशेब सुटसुटीत निघाला. कोर्टं एकमेकांना लागून लांबीच्या दिशेने मांडायची, सगळ्यांच्या समोरच्या भिंती एका अंगाला, काचेच्या मागच्या भिंती दुसऱ्या अंगाला. सहा कोर्टांना ३८.४ मीटर, मधल्या-कडेच्या सात भिंतींना दीड मीटर, एकूण सुमारे ४० मीटर. ४२ मध्ये बसतात. क्लबचे लोक खूश झाले, आणि खरा वाद तिथून सुरू झाला.

सहा की चार

सहा कोर्टं बसवली तर यंत्रशाळा संपते. एका टोकाला बैलगाडी आत येईल एवढं थोरलं दार आहे, त्याच्यासमोर कोर्टांच्या खोक्याची आंधळी भिंत येते. बाहेर पडायच्या वाटा अरुंद होतात, म्हणजे आगीच्या नियमानुसार आत किती माणसं राहू शकतात तो आकडा घसरतो आणि ज्या स्पर्धांसाठी सहा कोर्टं हवी होती त्यांना प्रेक्षकच बसवता येत नाहीत. आत आलेल्या माणसाला कैच्या दिसणार नाहीत, क्रेन दिसणार नाही. दिसेल फक्त सव्वातीन मीटर रुंदीचा बोळ आणि काचेच्या रांगा. असा बोळ कुठल्याही नव्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वस्तात करता येतो. त्यासाठी वारसा इमारत कशाला हवी?

चार कोर्टांना भिंतींसह २६.६ मीटर लागतात. टोकाच्या भिंतीपासून थोडं अंतर सोडलं तरी थोरल्या दाराकडे जवळपास साडेचौदा बाय चौदा मीटरचा चौक मोकळा राहतो, वर पूर्ण उंची, वर क्रेन. प्रवेश, बसायची जागा, मुलांचा शारीरिक सराव, छोटे कार्यक्रम, सगळं तिथे.

क्लबचा आक्षेप पैशांचा होता आणि तो खोटा नव्हता. संध्याकाळच्या गर्दीच्या साडेचार तासांत ४५ मिनिटांच्या सहा खेपा होतात. चार कोर्टांवर ४८ जण खेळतील, सहांवर ७२. एक तृतीयांश कमाई गेली असं ते म्हणाले. यावर संस्थेच्या हिशेबनिसाने विचारलं की दुपारी बारा ते चार कोर्टं किती भरतात. सगळे गप्प. स्क्वॉश क्लबचा दिवस सकाळ-संध्याकाळच्या दोन कुबडांचा असतो, मधली वेळ कोर्टं दोन असोत की सहा, रिकामीच. मोकळा चौक मात्र त्याच वेळेत शाळांना, कार्यशाळांना, प्रदर्शनांना देता येतो. तरी ही भरपाई पूर्ण नाही, हे मान्य करायला हवं. चार कोर्टांचा क्लब सहा कोर्टांच्या क्लबपेक्षा कमी कमावतो आणि तो फरक भाड्यातच धरावा लागला.

याच टप्प्यावर विश्वस्तांपैकी एकाने पॅडेलचा विषय काढला. विषय वाजवी होता. १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोत सुरू झालेला हा रॅकेटचा खेळ सध्या जोरात आहे. त्याचं कोर्ट २० बाय १० मीटर, भोवती काच आणि जाळी, म्हणजे दालन आरपार दिसत राहतं. दिसण्याच्या बाबतीत पॅडेल या इमारतीला स्क्वॉशपेक्षा जास्त शोभलं असतं, असं माझंही मत आहे. पण ४२ मीटरमध्ये दोन पॅडेल कोर्टं एकापुढे एक ठेवली की ४० मीटर गेले, चौक गेला, थोरलं दार पुन्हा अडलं. एका वेळी खेळणारे आठ, चार स्क्वॉश कोर्टांवरही आठच. शिवाय विटांच्या भिंती आणि पत्र्याच्या छपराखाली पॅडेलच्या फटक्यांचा आवाज घुमतो, शेजारी वस्ती आहे. आणि स्क्वॉश क्लब समोर उभा होता, पॅडेलचा क्लब अजून कुणी काढलेला नव्हता.

जुनी भिंत आणि नवी भिंत

चार कोर्टं ठरल्यावर क्लबने खर्च वाचवायची एक युक्ती पुढे केली. समोरची भिंत नव्याने का बांधायची? यंत्रशाळेची साठ सेंटिमीटर जाडीची वीटभिंत आहेच. तिच्यावर कडक गिलावा करा, खिडक्या बुजवा, झालं कोर्ट.

हा प्रस्ताव मोडायला जो वेळ गेला तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. जुनी भिंत चुन्यातली. जमिनीतली ओल ती वर ओढते आणि पृष्ठभागातून बाहेर सोडते, ओलीबरोबर क्षार येतात, लोणा लागतो. अशा भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते किंवा गिलाव्यामागे साचून विटा कुजवते. आणि त्या गिलाव्यावर दिवसभर चेंडू आदळणार. चेंडू चोवीस ग्रॅमचा, पण अव्वल खेळाडूचा फटका ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. पोकळ झालेला गिलावा आधी आवाज बदलतो, मग फुगतो, मग सुटतो. सुटताना विटेचा पापुद्राही घेऊन जातो.

त्यामुळे ठरलं ते असं: खोलीत खोली. कोर्टांचा सांगाडा हलक्या पोलादाचा, त्यावर तयार फळ्यांच्या भिंती, आणि हा सगळा खोका जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारा. समोरची भिंत आणि जुनी वीटभिंत यांत ७५ सेंटिमीटरची गल्ली. ती मोजून ठेवली, कारण तिथून माणूस झाडू आणि विजेरी घेऊन जाऊ शकला पाहिजे. पहिल्या आराखड्यात ही जागा वीस सेंटिमीटरची होती. वीस सेंटिमीटरमध्ये फक्त उंदीर आणि कचरा जातो.

गल्लीने खिडक्याही वाचवल्या. त्या बुजवल्या नाहीत, उघडमीट होते आणि जुनी भिंत दोन्ही बाजूंनी श्वास घेते.

खोका आतून मापात, पण वर किती जागा उरते? लाकडी जमिनीमुळे कोर्ट १५ सेंटिमीटर उचललं, त्यावर ५.६४ मीटर मोकळी उंची, त्यावर दिव्यांसह छत, एकूण सुमारे ६.१५ मीटर. क्रेनचा रूळ ६.३ वर. पंधरा सेंटिमीटर राहिले. क्रेन मात्र खोक्यांवरून सरकू द्यायची नाही, ती चौकावर आणून कायमची बांधून ठेवली.

पायाखाली काय आहे

यंत्रशाळेच्या फरशीखाली काय आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. चाचणीचे खड्डे घेतले तेव्हा दोन ठिकाणी लेथच्या जुन्या दगडी चौथऱ्यांचे भक्कम ठोकळे लागले आणि त्यांच्या मध्ये राख आणि भराव. एकाच कोर्टाचा अर्धा भार दगडावर आणि अर्धा भुसभुशीत भरावावर आला तर खोका एका अंगाला बसतो आणि भिंतीच्या सांध्यात तडा जातो. चौथरे फोडायचे नाहीत, हे ठरलेलं. मग जुनी फरशी, तिच्यातले ट्रॉलीचे रूळ, सगळं जागच्या जागी ठेवून वर विलगीकरणाचा थर, त्यावर भार पसरवणारी काँक्रीटची लादी आणि तिच्यावर लवचीक लाकडी जमीन.

लाकूड बीच किंवा मेपल, फळ्या कोर्टाच्या लांबीच्या दिशेने, आणि वर वॉर्निश नाही. नवख्या कंत्राटदाराला हे पटत नाही, त्याला लाकूड चमकायला हवं असतं. पण स्क्वॉशच्या जमिनीने घामाचा थेंब थोडा पिऊन घ्यायचा असतो. चमकदार थरावर तोच थेंब पायाखाली सरकतो. पंधरा सेंटिमीटरच्या चढाला चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उताराने १.८ मीटरचा रॅम्प लागला, तो चौकातून काढला. कोर्टं सहा असती तर रॅम्पलाही जागा नव्हती.

ओल, उष्णता, उजेड

स्क्वॉशचा चेंडू रबरी आणि पोकळ. थंड असताना तो मरतुकडा असतो, म्हणून खेळाडू आधी मारून मारून त्याला गरम करतात. खेळात तो साधारण ४५ अंशांपर्यंत तापतो. कोर्टाची हवा १५ ते २० अंशांच्या आसपास असावी अशी अपेक्षा असते. एवढं मोठं, फटींतून वारा येणारं दालन त्या तापमानाला ठेवायचं म्हणजे पैशाचा धूर. खोलीत खोली केल्याने इथे एक फायदा आपसूक मिळाला: एका कोर्टात साडेतीनशे घनमीटर हवा, तेवढीच सांभाळायची. बाहेरचं दालन जसं होतं तसं वाऱ्यावर.

पण दोन माणसं जोरात खेळली की प्रत्येकी तासाला लिटरभर घाम सहज. ती वाफ बाहेर काढली नाही तर थंड पृष्ठभागावर दव धरतं आणि ओल्या भिंतीवरून चेंडू उसळण्याऐवजी घसरतो. म्हणून प्रत्येक खोक्याला स्वतंत्र हवा, आत ढकलणारी आणि बाहेर ओढणारी, आणि बाहेर ओढलेली दमट हवा दालनात न सोडता छपराबाहेर. दालनात सोडली तर ती कैच्यांच्या लोखंडावर बसणार आणि गंज खेळाच्या खात्यावर जाणार.

उजेडाचा प्रश्न उलटा होता. काचेच्या मागच्या भिंतीतून आतलं नीट दिसायला कोर्ट उजळ आणि गॅलरी मंद हवी. कोर्टात सुमारे ५०० लक्स दिवे, पण गॅलरीच्या बाजूला यंत्रशाळेच्या उंच खिडक्या. दुपारी प्रेक्षकाला काचेत खेळाडूऐवजी खिडकीच दिसणार. खिडक्यांना रंग फासायचा सल्ला आला, तो फेटाळला आणि आतून कापडी पडदे लावले. स्पर्धेच्या दिवशी ओढायचे, एरवी गुंडाळलेले.

परवानगी आणि क्रम

परवानगीचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा गेला. औद्योगिक वारशाबद्दलच्या २००३ च्या निझ्नी तागिल सनदेत नव्या वापराला विरोध नाही. मूळ साहित्याचा मान राखा, माणसांच्या आणि कामाच्या जुन्या वाटा शक्यतो टिकवा, बदल कमीत कमी आणि मागे घेता येईल असा करा, एवढंच ती मागते. थोरल्या दारातून आत, चौकात थांबून मग कामाच्या जागी, ही जुनी वाट चार कोर्टांच्या आराखड्यात तशीच राहिली होती.

कामाचा क्रम मात्र संस्थेने सोडला नाही. आधी छप्पर आणि पन्हळी, मग जुन्या नळांवरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस आहे का याची तपासणी आणि ते परवानाधारकाकडून काढणं, कबुतरांच्या विष्ठेची सफाई, शिशाच्या जुन्या रंगाला सुका घासकागद न लावणं, चुन्याने विटांमधल्या दरजा (सांधे) भरणं. कोर्टं त्यानंतर, आणि तीही आधी दोन. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हिवाळा त्या दोन खोक्यांमागच्या गल्लीतली ओल मोजायची, मग पुढची दोन. क्लबला ही वाट पाहणं जड गेलं. अंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या खोल्या बॉयलरघरात नेल्या, म्हणजे पाण्याचे नळ यंत्रशाळेत आलेच नाहीत.

करारातलं शेवटचं कलम सगळ्यात जास्त वेळा बदललं. खोका मागे घेता येईल असा बांधला, ठीक, पण मागे घेणार कोण? भाडेकरू गेला, क्लब फुटला, खेळाची हौस ओसरली, तर चार रिकामे खोके यंत्रशाळेत कुजत पडायला नकोत. शेवटी ठरलं की उकलण्याच्या खर्चापोटी क्लबने अनामत ठेवायची, सांगाड्याच्या प्रत्येक जोडाचा आराखडा आणि बोल्टांची यादी दोन्ही पक्षांकडे राहायची, आणि वेल्डिंग केलेला एकही जोड स्वीकारायचा नाही. क्लबच्या वकिलाने बोल्टांची यादी कराराला जोडायला आधी नकार दिला होता. ती आता परिशिष्टात आहे.